रक्ताला पेव नसतं

मे महिन्याचा दुसरा आठवडा लागला की आमच्या गल्लीतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लग्नपत्रिकांच्या मधेमधे एक वेगळा मेसेज यायला लागतो. ‘मिरजेत अ‍ॅडमिट पेशंटसाठी ओ पॉझिटिव्ह तातडीने हवं. डोनर असल्यास कळवा.’ खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागते. कुणीतरी तो मेसेज आणखी चार ग्रुपवर ढकलतो. दोन दिवसांनी तोच मेसेज फिरून परत येतो, पेशंट तोवर घरी गेलेला असला तरी.

मी या खेळात दोन्हीकडे उभा राहिलोय. 26 जानेवारीच्या शिबिरात रांगेत थांबून रक्त दिलं आणि स्टीलचा डबा घेऊन घरी आलो. त्याच वर्षी मे महिन्यात थोरल्या चुलत्यांच्या ऑपरेशनला दोन पिशव्या हव्या होत्या, तेव्हा भर उन्हात मोटारसायकलवरून सांगली-मिरज, मिरज-सांगली केलं. तिसऱ्या रक्तपेढीच्या काउंटरवर माझा तोल गेला. म्हटलं, “अहो, जानेवारीत आमच्या एकट्या मंडळानं एवढं रक्त दिलं, ते गेलं कुठं?”

काउंटरवरच्या बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, “दादा, जानेवारीचं रक्त मे महिन्यात कसं असेल?”

तोवर मला वाटत होतं की रक्त दिलं म्हणजे ते कुठंतरी साठून राहतं. बहुतेकांना तसंच वाटतं. हा लेख त्या गैरसमजापासून सुरू होतो.

## हळद आणि दूध

आपल्याकडे हरिपूरला हळदीची पेवं होती. जमिनीत खोल खड्डा घ्यायचा, त्यात हळद भरायची, तोंड बंद करायचं. भाव येईल तेव्हा काढायची. वर्षानुवर्षं हळद टिकायची, कीड लागायची नाही. 2005 च्या महापुरात त्यातली बरीच पेवं पाण्यात गेली, पण ‘पेवात टाकलं की निश्चिंत’ ही भावना आपल्या हाडात मुरलेली आहे.

रक्ताला पेव नसतं. रक्ताचा स्वभाव दुधाचा आहे. सकाळी काढलेलं दूध संकलन केंद्रावर न्यायचं, तिथं फॅट लावायचा, गार करायचं आणि नासायच्या आत गिऱ्हाइकाकडे पोचवायचं. आज दोन कॅन जास्त झाले म्हणून पुढच्या महिन्याची सोय होत नाही. पुढच्या महिन्यात म्हशीची पुन्हा धार काढावी लागते.

घोटाळा बराचसा ‘रक्तपेढी’ या शब्दानं केलाय. पेढी म्हटलं की ठेव आली, पासबुक आलं. सरकारनं 2020 मध्ये नियमांत बदल करून ‘ब्लड सेंटर’ म्हणजे रक्तकेंद्र असा शब्द आणला. तोंडी अजून पेढीच आहे, पण नवा शब्द जास्त खरा आहे. ते दुधाच्या संकलन केंद्राचं भावंड आहे.

आता मुदतीचं. रक्ताची पिशवी रिकामी नसते. त्यात आधीच थोडा द्रव भरलेला असतो. त्यातलं सायट्रेट रक्तातल्या कॅल्शियमला धरून ठेवतं, त्यामुळे रक्त गोठत नाही. बरोबर साखर असते, ती पेशींची शिदोरी. या शिदोरीवर तांबड्या पेशी 2 ते 6 अंश सेल्सिअसला 35 दिवस काढतात. वरून आणखी एक पोषक द्रव घातला तर 42 दिवस. तेवढ्यात साखर संपत येते, पेशी कडक होतात, त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर झिरपायला लागतं. मग ती पिशवी कुणाला देत नाहीत.

हिशेब करा. 26 जानेवारीची पिशवी 35 दिवसांत, म्हणजे 2 मार्चला संपली. 42 दिवस धरले तर 9 मार्च. 19 फेब्रुवारीला शिवजयंतीच्या शिबिरात दिलेली पिशवी फार ताणली तरी 2 एप्रिल. माझ्या चुलत्यांचं ऑपरेशन 16 मे ला होतं.

## एका पिशवीतून तिघं

‘एक पिशवी, तीन जीव’ असे फलक शिबिरात लावलेले असतात. ती नुसती घोषणा नाही, त्यामागं यंत्र आहे. डेअरीत दूध गरागरा फिरवून मलई वेगळी काढतात, तसंच इथं रक्त फिरवतात. जड तांबड्या पेशी खाली बसतात, पिवळसर पाणी वर येतं. त्या पाण्याला प्लाझ्मा म्हणतात. मधल्या बारीक कणांना प्लेटलेट. जखम झाली की गुठळी धरून रक्त थांबवायचं काम मुख्यतः प्लेटलेटचं, आणि प्लाझ्मातली काही प्रथिनं त्यांना साथ देतात.

हे तिघं वेगळे केले की प्रत्येकाची मुदत वेगळी. तांबड्या पेशींचं वर सांगितलं. डॉक्टर चिठ्ठीवर ‘पीसीव्ही’ लिहितात ते याच. बाळंतपणात रक्त गेलेली बाई, अपघातातला माणूस, थॅलेसेमियाचं मूल (या जन्मजात आजारात अंगात रक्त नीट तयार होत नाही) यांना त्या लागतात. प्लाझ्मा हा आपला बेदाणा: वेळेत गोठवून उणे 30 अंशाच्या खाली ठेवला तर वर्षभर टिकतो. आणि प्लेटलेट म्हणजे तासगावची ताजी द्राक्षं, त्याहून नाजूकच. फक्त 5 दिवस. त्यांना फ्रिज चालत नाही. 20 ते 24 अंशाला, तेही सतत हलत्या ट्रेवर, पाळण्यात ठेवल्यासारखं ठेवावं लागतं.

प्लेटलेट काढायच्या तर रक्त घेतल्यापासून सहा-आठ तासांच्या आत पिशवी यंत्रावर चढायला हवी. जतच्या पूर्व भागातल्या एखाद्या गावात शिबिर झालं, सत्कार लांबले, हार-तुरे संपेपर्यंत गाडी निघाली नाही, तर त्या दिवशीच्या पिशव्यांतून प्लेटलेट निघत नाहीत. आयोजकांनी भाषणं रक्त गोळा करून गाडी गेल्यावर ठेवावीत, ही माझी कळकळीची सूचना.

## “म्हणजे शिबिरात दिलेलं वाया जातं तर!”

हा आक्षेप मी स्वतःच घेतला होता. उत्तर असं की, सगळं जात नाही, काही जातं. तेही शिबिर वाईट म्हणून नाही. सगळ्यांचं शिबिर एकाच आठवड्यात असतं म्हणून.

प्रजासत्ताक दिन, शिवजयंती, गणपती, नेत्यांचे वाढदिवस. त्या दिवसांत रक्तकेंद्राची गाडी एका मंडळाकडून दुसऱ्याकडे पळत असते. आठवडाभरात इतक्या पिशव्या येतात की त्या मुदतीत खपतील याची खात्री नसते. मग उन्हाळा लागतो. कॉलेजं बंद, पोरं गावाला, कार्यालयात लग्नं, बाहेर चाळीस अंश. शिबिर भरवणारे सगळे सुट्टीवर जातात. बाळंतपणं मात्र सुट्टी घेत नाहीत, अपघात घेत नाहीत. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, त्याचं शरीर मे महिन्यासाठी थांबत नाही.

सांगली-मिरजेची आणखी एक गोष्ट आहे. मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस यांनी मिरजेत दवाखाना सुरू केला त्याला सव्वाशे वर्षं होऊन गेली. तेव्हापासून हे गाव दवाखान्यांचं. अथणी, चिकोडी, विजापूरकडून पेशंट येतात, सांगोल्याकडून येतात, कोकणातूनही येतात. म्हणजे रक्त देणारे बहुतेक इथलेच, पण लागणारे चारी दिशांचे. अथणीहून आलेल्या माणसाला ‘डोनर आणा’ म्हटलं तर तो कुणाला आणणार? त्याच्या ओळखीचं या गावात एक रिक्षावाला असतो, तोही स्टँडवर भेटलेला.

पावसाळ्याचं वेगळंच. 2019 आणि 2021 च्या पुरात पुणे-बंगळूर महामार्गसुद्धा बंद पडला होता. अशा वेळी बाहेरून पिशवी मागवायची म्हटली तरी रस्ता नसतो. जे फ्रिजमध्ये आहे त्यावरच भागवायचं.

माझं म्हणणं एवढंच आहे. रक्त द्या, पण सगळ्यांच्या दिवशी देऊ नका. स्वतःचा दिवस धरा.

## “रक्त फुकट घेता, मग आमच्याकडून पैसे कसले?”

काउंटरवर सगळ्यात जास्त भांडण यावरून होतं. राग समजण्यासारखा आहे. आपण पैसा न घेता दिलं, आणि आपल्याच माणसासाठी नेताना पावती फाडावी लागते.

पण दूध फुकट मिळालं म्हणून डेअरी फुकटात चालत नाही. पिशवी विकत आणावी लागते. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, सिफिलिस आणि मलेरिया या पाच चाचण्या करणं कायद्यानं सक्तीचं आहे. यातला कुठलाही आजार निघाला तर पिशवी नष्ट. मग ते फिरवायचं यंत्र, चोवीस तास चालणारे फ्रिज, वीज गेली तर जनरेटर, रात्रपाळीचा माणूस. या सगळ्याचा खर्च म्हणजे ‘प्रोसेसिंग चार्ज’, मराठीत सेवाशुल्क. रक्ताची किंमत घेणं बेकायदा आहे, सेवाशुल्क घेणं नाही.

त्याला वरची मर्यादाही आहे. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेनं 2022 मध्ये ठरवलेल्या दरांनुसार खासगी रक्तकेंद्रात तांबड्या पेशींच्या पिशवीला जास्तीत जास्त 1,550 रुपये, प्लाझ्मा किंवा प्लेटलेटच्या पिशवीला 400. एखादी जादा चाचणी केली तर तिचे वेगळे. याहून फार मोठा आकडा दिसला तर पावती मागा आणि विचारा. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल या रक्ताच्या जन्मजात आजारांच्या रुग्णांकडून हे शुल्कही घेऊ नये असं धोरण आहे. आपल्या ओळखीत असं मूल असेल तर त्याच्या आईबापांना हे माहीत आहे का, एवढं जरूर बघा.

एक काळ असा होता की रक्त खरंच विकलं जायचं. दवाखान्याबाहेर ठरलेली माणसं उभी असायची, पैसे घेऊन रक्त द्यायची. त्यातले कित्येक आजारी, व्यसनी. सर्वोच्च न्यायालयानं 1996 मध्ये एका जनहित याचिकेवर निकाल दिला आणि 1 जानेवारी 1998 पासून पैसे घेऊन रक्त देणं देशात बंद झालं. पैशासाठी देणारा आपला आजार लपवतो, हे त्यामागचं साधं कारण.

म्हणून मला त्या स्टीलच्या डब्याचीही थोडी लाज वाटते. चहा, बिस्कीट, प्रमाणपत्र ठीक. पण शिबिरात हेल्मेट, बॅग, मिक्सरचं कुपन यांची चढाओढ लागली की तोच जुना प्रश्न मागच्या दारानं आत येतो. डब्यासाठी आलेला माणूस फॉर्मवरच्या प्रश्नांना खरं उत्तर देईलच असं नाही.

## फॉर्म का वाचायचा

शिबिरात फॉर्म हातात आला की आपण सगळीकडे ‘नाही, नाही, नाही’ अशी खूण करत जातो. मीही केलंय. ती चूक का आहे ते सांगतो.

जंतू अंगात शिरल्यापासून चाचणीत दिसायला लागेपर्यंत काही दिवस ते काही आठवडे जातात. मधल्या काळात माणूस ठणठणीत असतो, चाचणी साफ येते, आणि रक्त मात्र दूषित असतं. या आंधळ्या काळाला ‘विंडो पिरियड’ म्हणतात. नव्या चाचण्यांनी तो कमी केलाय, शून्य केलेला नाही. त्या दिवसांत रुग्णाला वाचवणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे देणाऱ्यानं फॉर्मवर लिहिलेलं खरं उत्तर. शंका असेल तर सरळ ‘आज देत नाही’ म्हणावं. मित्रांसमोर लाज वाटत असेल तर डॉक्टरला बाजूला घेऊन सांगावं. ते कारण विचारत बसत नाहीत आणि गवगवाही करत नाहीत.

## “घरच्याचंच रक्त चढवा, बाहेरचं नको”

ऑपरेशनच्या आधी हे वाक्य हमखास ऐकू येतं. बोलणाऱ्याच्या मनात माया असते, पण शास्त्र उलट सांगतं.

एक तर वेळ. अपघातातल्या माणसाच्या शेजारी झोपून भावानं रक्त द्यायचं, हे सिनेमात. प्रत्यक्षात पिशवी घेतली, पाच चाचण्या झाल्या, मग रुग्णाचा नमुना आणि पिशवीतलं रक्त एकत्र करून जुळतं का बघितलं. या शेवटच्या पायरीला क्रॉसमॅच म्हणतात. यात तास जातात. धावपळीत तुम्ही दिलेली पिशवी सहसा तुमच्या पेशंटला मिळतच नाही. त्याला मिळते ती परवा, तेरवा कुण्या अनोळखी माणसानं देऊन ठेवलेली. तुमची पुढच्या कुणाला तरी जाते. आयत्या वेळी जीव वाचवतं ते आधीच फ्रिजमध्ये असलेलं रक्त.

दुसरं कारण जास्त खोलातलं. बाहेरच्याच्या रक्तातल्या थोड्याफार पांढऱ्या पेशी आपल्या शरीरात आल्या तर आपलं शरीर त्यांना परकं ओळखतं आणि मारून टाकतं. पण सख्ख्या नात्यातल्या पेशी इतक्या सारख्या असू शकतात की शरीराला त्या परक्या वाटतच नाहीत. ओळखीच्या माणसावर कुत्रं भुंकत नाही, तसं. मग त्या पेशी आत तळ ठोकतात आणि घरावरच उलटतात. हे क्वचित होतं, पण झालं तर रुग्ण सहसा वाचत नाही. म्हणून जवळच्या नातेवाइकाचं रक्त द्यायचंच झालं तर आधी त्यावर किरणांचा मारा करून त्या पेशी निकामी कराव्या लागतात. आणि मूल व्हायचं वय असलेल्या बाईला नवऱ्याचं रक्त तर शक्यतो देऊच नये. तिच्या शरीरात नवऱ्याच्या रक्ताविरुद्ध हत्यारं तयार होऊ शकतात, आणि पुढच्या बाळाच्या रक्तात बापाचाही वाटा असतो.

आमच्या घरात हे सांगितल्यावर आजी म्हणाली, “म्हणजे परका बरा म्हणायचा!” रक्ताच्या बाबतीत, हो.

## “अंगात रक्तच नाही, देऊ कुठलं?”

साठ किलोच्या माणसात साधारण चार लिटर रक्त असतं. त्यातून 350 मिलिलिटर घेतात, वजन 55 किलोच्या वर असेल तर 450 पर्यंत. पाण्याचा भाग एक-दोन दिवसांत भरून येतो. तांबड्या पेशी भरायला महिना-दोन महिने. सगळ्यात सावकाश भरतं ते लोह. एका पिशवीबरोबर अंदाजे दीडशे ते दोनशे मिलिग्रॅम लोह जातं, आणि आपलं आतडं रोजच्या जेवणातून एरवी एक-दोन मिलिग्रॅमच उचलतं. तूट पडली की थोडं जास्त उचलतं, पण वेळ लागतोच. पुरुषांना दोन रक्तदानांत 90 दिवस आणि बायकांना 120 दिवस थांबायला सांगतात, ते या हिशेबानं.

बायकांचा मुद्दा इथंच येतो. त्यांचं लोह दर महिन्याला जात असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला आहे. रक्त द्यायला हिमोग्लोबिन किमान 12.5 लागतं. त्यामुळे शिबिरातून परत पाठवलेल्यांत बायका जास्त असतात. वहिनी दोनदा परत आली, रडवेली झाली होती. मी म्हटलं, त्या टेबलावर तुला फुकटात कळलं की डॉक्टरकडे जायला हवं. ती गेली. गोळ्या घेतल्या, सहा महिन्यांनी 12.8 झालं.

हिमोग्लोबिन बघायची जुनी पद्धत द्राक्षवाल्यांना आवडेल. बागेवर फवारायच्या बोर्डो मिश्रणात घालतो ते मोरचूद असतं ना, त्याचंच ठरावीक घनतेचं निळं पाणी ग्लासात घेतात आणि बोटातला रक्ताचा थेंब त्यात सोडतात. थेंब झटकन बुडाला तर रक्त पुरेसं दाट. तरंगत राहिला तर घरी जा. आता बऱ्याच ठिकाणी छोटं मशीन आलंय.

## कोणी द्यावं, कोणी थांबावं

वय 18 ते 65, पहिल्यांदाच देत असाल तर साठीच्या आत. वजन किमान 45 किलो.

शुगर आहे म्हणून आपोआप बाद होत नाही. गोळ्यांवर आटोक्यात असेल, गोळी गेल्या चार आठवड्यांत बदललेली नसेल, दुसरा त्रास नसेल तर चालतं. इन्सुलिन चालू असेल तर नाही. मलेरिया बरा झाल्यावर तीन महिने थांबायचं, डेंग्यूनंतर सहा, टायफॉइडनंतर वर्ष. टॅटू काढला असेल तर तेही वर्षभर, जत्रेत गोंदवून घेतलं असेल तरी तोच नियम. बाळंतपणानंतर वर्षभर, आणि बाळ अंगावर पीत असेल तोवर द्यायचं नाही. पाळीच्या दिवसांतही नाही. बाकी कुठलीही गोळी चालू असेल तर तिचं नाव सांगा, डॉक्टर ठरवतील.

उपाशी पोटी देत नाहीत. आपल्याकडे हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण श्रावणी सोमवारी किंवा एकादशीला ‘पुण्यात पुण्य’ म्हणून शिबिरं ठेवतात आणि मग एकेक जण चक्कर येऊन पडतो. तीन-चार तासांच्या आत नीट जेवलेलं असावं, भरपूर पाणी प्यालेलं असावं. रात्रपाळी करून झोप न घेता जाऊ नका. ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टर किंवा लांबची गाडी चालवणाऱ्यानं रक्त दिल्यावर पुढचे 24 तास कामाला बसायचं नाही.

प्रत्यक्ष रक्त जायला पाच ते दहा मिनिटं लागतात. सुई जाड असते, टोचते, खोटं कशाला सांगू. पण ती नवी, सीलबंद, पिशवीलाच जोडलेली असते आणि तुमच्यानंतर फेकून देतात. त्यामुळे रक्त दिल्यानं आजार लागायचा प्रश्न येत नाही. चक्कर येते ती बहुधा उठायची घाई केल्यानं. दहा-पंधरा मिनिटं पडून राहा, दिलेला सरबत प्या. त्या हातानं त्या दिवशी घागर उचलू नका.

## डेंग्यू आणि प्लेटलेटची धास्ती

ऑगस्ट ते ऑक्टोबरात मेसेज बदलतो. ‘प्लेटलेट 60 हजारावर आल्यात, तातडीने डोनर हवा.’ रिपोर्ट बघून घर हादरतं. पण डेंग्यूत रक्तस्राव होत नसेल तर प्लेटलेट साधारण दहा हजारांच्या खाली गेल्याशिवाय बाहेरून द्यायची सहसा गरज नसते. आजार उतरला की त्या आपोआप वर चढतात. डेंग्यूत खरा धोका बऱ्याचदा शिरांतून पाणी झिरपून रक्तदाब पडण्याचा असतो. आकड्याकडे डोळे लावून बसलेलं घर पेशंट पाणी किती पितोय, लघवी किती होतेय, हे विसरतं. ठरवायचं डॉक्टरांनी. आपण त्यांच्यावर ‘चढवाच’ म्हणून दडपण आणायचं नाही, कारण ती पाच दिवसांची पिशवी तोंडातून रक्त येणाऱ्या दुसऱ्या कुणाला हवी असते.

खरंच गरज असेल तर प्लेटलेट देण्याची वेगळी पद्धत आहे. तुमच्या हातातून रक्त यंत्रात जातं, यंत्र फक्त प्लेटलेट काढून घेतं आणि बाकीचं परत तुमच्या अंगात सोडतं. तास-दीड तास लागतो. एका पिशवीतून निघालेल्या प्लेटलेटनी आकडा पाच-दहा हजारांनी वाढतो, या पद्धतीनं एकट्या माणसाकडून तीस ते पन्नास हजारांनी. चिठ्ठीवर ‘एसडीपी’, म्हणजे सिंगल डोनर प्लेटलेट, लिहिलेलं असतं ते हेच. तांबड्या पेशी परत मिळत असल्यानं इथं तीन महिने थांबावं लागत नाही.

## गट दुर्मिळ असेल तर

कार्ल लँडस्टायनर यांनी 1901 मध्ये रक्ताचे गट शोधले. त्यांच्या जन्मदिवशी, 14 जूनला, जागतिक रक्तदाता दिवस असतो. आपल्याकडे निगेटिव्ह गटाचे लोक साधारण शंभरात पाच. त्यांनी शिबिरात ऊठसूट देण्यापेक्षा रक्तकेंद्रात नाव आणि फोन नोंदवून ठेवावा आणि बोलावलं की जावं.

याहून दुर्मिळ एक गट आपल्या राज्याच्या राजधानीचं नाव घेऊन जगभर फिरतो. 1952 मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत तो शोधला, म्हणून ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’. आपल्याकडे दहा हजारांत जेमतेम एखादा. साध्या तपासणीत तो ‘ओ’ दिसतो, पण त्याला ओ गटाचंही रक्त चालत नाही, फक्त त्याच गटाचं चालतं. क्रॉसमॅच जुळत नाही तेव्हा लक्षात येतं. ‘ओ सगळ्यांना चालतं’ हे शाळेत पाठ केलेलं वाक्य इथं अडखळतं.

## माझी तारीख

आता मी 26 जानेवारीला देत नाही. 15 फेब्रुवारी, 16 मे, 15 ऑगस्टनंतरचा आठवडा, नोव्हेंबरच्या मध्याला, दिवाळीच्या सुट्टीनंतर. 90 दिवस मोजत गेलं की हे आपोआप बसतं आणि चारातली तीन वेळा नेमकी टंचाईच्या दिवसांत येते. जायच्या आधी फोन करतो, कधी ‘ई-रक्तकोष’ या सरकारी पोर्टलवर कुठं कुठला गट किती शिल्लक आहे ते बघतो. एकदा म्हणाले, “तुमचा गट भरपूर आहे, पुढच्या आठवड्यात या.” गेलो पुढच्या आठवड्यात.

मागच्या मे महिन्यात दुपारी साडेतीनला गेलो. चारही खाटा रिकाम्या, वर पंखा गरगरत होता. सिस्टरनी फॉर्म पुढे सरकवला.

“पेशंटचं नाव?”

“पेशंट कुणी नाही.”

त्यांनी मान वर केली. “मग कशाला आलाय?”

“द्यायला.”

दोन क्षण त्या बघत राहिल्या. मग विचारलं, “जेवून आलाय ना?”

“आमरस-चपाती.”

“मग या,” म्हणाल्या आणि खिडकीजवळच्या खाटेवरची चादर झटकली.